आयातीने हिरावलेले काम आणि सरकारची जबाबदारी : श्रीपेरुंबुदूरचा धडा

(चेन्नई येथे मराठी भाषक पक्षसभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण आज ज्या शहरात जमलो आहोत, त्या शहराला भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. १९१८ च्या एप्रिलमध्ये येथील बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतील कामगारांमधून मद्रास लेबर युनियन उभी राहिली. १९२३ साली कॉ. सिंगारवेलू यांनी येथेच समुद्रकिनाऱ्यावर या देशातील पहिला मे दिन साजरा केला. ज्या गिरण्यांच्या दारात ही चळवळ जन्मली, त्या १९९६ साली कायमच्या बंद पडल्या. मात्र शहराच्या भोवती कारखाने उभे राहण्याचे थांबले नाही. श्रीपेरुंबुदूर, ओरगडम, मराईमलाई नगर या पट्ट्यात मोटारी, टायर, काच आणि मोबाइल फोन तयार होऊ लागले. एकीकडे बंद पडणारी गिरणी आणि दुसरीकडे नवा कारखाना, हे चित्र मुंबई, पुणे, नाशिक, औरंगाबाद येथून आलेल्या सभासदांना अपरिचित नाही.

आजचा विषय असा : परदेशातून येणाऱ्या मालाच्या स्पर्धेमुळे, किंवा उत्पादनच परदेशात हलविले गेल्यामुळे, ज्या कामगाराचे काम जाते, त्याच्याविषयी सरकारची जबाबदारी कोणती? या प्रश्नाचे उत्तर हवेत देता येत नाही. म्हणून मी येथून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका कारखान्याचे उदाहरण घेणार आहे.

मुक्त व्यापाराचे आश्वासन आणि त्याचा हिशेब

मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते असे सांगतात की, आयात खुली केल्याने काहींचे नुकसान होत असले तरी एकूण राष्ट्राचा फायदा होतो. ग्राहकाला माल स्वस्त मिळतो, आणि फायदा झालेल्यांनी नुकसान झालेल्यांची भरपाई केली तरी शिल्लक उरते. हा युक्तिवाद क्षणभर मान्य करू. मग साधा प्रश्न असा उरतो की, ही भरपाई केली कोणी? ती 'करता येते' असे म्हणणे आणि ती प्रत्यक्षात करणे यांत फार मोठे अंतर आहे. भांडवलदारी अर्थशास्त्राची पुस्तके पहिल्यापाशी थांबतात. दुसऱ्याची सुरुवात कामगारांनी ती भाग पाडल्यावरच होते.

अमेरिकेसारख्या देशालाही हे मान्य करावे लागले. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या सरकारने आयात कर कमी करण्याचे व्यापक अधिकार मिळवणारा कायदा केला, तेव्हा त्याच कायद्यात आयातीमुळे बेकार होणाऱ्या कामगारांसाठी भत्ता आणि प्रशिक्षण यांची तरतूद करण्यात आली. कामगार संघटनांचा पाठिंबा मिळवण्यासाठी दिलेली ती किंमत होती. १९७४ च्या कायद्याने तिची व्याप्ती वाढली. युरोपीय संघाने २००७ पासून याच हेतूने एक स्वतंत्र निधी सुरू केला. जागतिक व्यापाराच्या रचनेत बदल झाल्यामुळे मोठ्या संख्येने काम गमावणाऱ्या कामगारांना प्रशिक्षण, मार्गदर्शन आणि त्या काळातील भत्ता देणे हे त्याचे काम.

आता चेन्नईकडे वळू.

चार कारखाने, एक कंपनी

२००५ साली तामिळनाडू सरकारने नोकिया या फिनलंडच्या कंपनीशी करार केला आणि श्रीपेरुंबुदूर येथे विशेष आर्थिक क्षेत्रात सरकारी औद्योगिक महामंडळाची जमीन कंपनीला मिळाली. विक्रीकराच्या परताव्यासह अनेक सवलती देण्यात आल्या. जानेवारी २००६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि २०११ पर्यंत या कारखान्यातून ५० कोटी फोन बाहेर पडले. ऐन भरात येथे सुमारे आठ हजार कामगार थेट कंपनीच्या पटावर होते. त्यांत बहुसंख्या तरुण स्त्रियांची होती. बारावी होऊन जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या, कांचीपुरम आणि आसपासच्या गावांत खोल्या घेऊन चारचार-पाचपाच जणींनी राहणाऱ्या या मुली होत्या. कित्येकींच्या घरात दरमहा पगार आणणारी ती पहिलीच स्त्री.

या सुबत्तेला पहिला धक्का २०१३ साली बसला. आयकर खात्याने कंपनीवर दोन हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेची मागणी बजावली आणि कारखान्याची मालमत्ता गोठविण्यात आली. राज्य सरकारनेही २०१४ मध्ये सुमारे २,४०० कोटींच्या विक्रीकराचा दावा लावला. एप्रिल २०१४ मध्ये नोकियाने आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकला, तेव्हा करवादात अडकलेला चेन्नईचा कारखाना या सौद्याबाहेर राहिला. काही महिने तो मायक्रोसॉफ्टसाठी ठेकेदारासारखा फोन जोडून देत होता. पुढे मायक्रोसॉफ्टने मागणी थांबविली आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून उत्पादन बंद झाले. शेजारी नोकियाला सुटे भाग पुरविणाऱ्या फॉक्सकॉननेही त्या वर्षअखेर आपले दार लावले आणि आणखी सुमारे १,७०० कामगार रस्त्यावर आले.

कोणी म्हणेल, हे तर करवादाचे प्रकरण आहे, आयातीचा येथे काय संबंध? हा आक्षेप टाळून चालणार नाही. करवादाने कारखाना सौद्याबाहेर पडला हे खरे. परंतु सौद्याबाहेरचा कारखाना मायक्रोसॉफ्टला नकोसा का झाला, याचे उत्तर करखात्यात सापडत नाही. साध्या फोनची मागणी घटत होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये व्हिएतनाममधील बाक निन्ह येथे नोकियाचा नवा कारखाना सुरू झाला होता आणि जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने फोनचे उत्पादन मुख्यतः तेथेच एकवटण्याचे जाहीर केले. भारत सरकारने १९९७ साली स्वीकारलेल्या माहिती तंत्रज्ञान कराराप्रमाणे २००५ पर्यंत या मालावरील आयात शुल्क शून्यावर आणले होते. म्हणजे तोच फोन व्हिएतनामहून किंवा चीनहून आणून भारतात विकण्यास भिंत अशी उरलीच नव्हती. करवादाने दार ढकलले, पण ते आधीच उघडे होते.

आता याच कंपनीचे आणखी तीन कारखाने पाहू.

पहिला जर्मनीतील बोखुमचा. २००८ साली नोकियाने तो बंद केला आणि काम रुमानियात नेले. सुमारे २,३०० कामगारांची नोकरी गेली. हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्या दबावाखाली कंपनीला कामगारांसाठी २० कोटी युरोची योजना मान्य करावी लागली. राज्य सरकारने पूर्वी दिलेले अनुदान परत मागितले, तेव्हा तडजोड म्हणून कंपनीला बोखुमच्या विकासासाठी दोन कोटी युरो द्यावे लागले. शिवाय युरोपीय निधीतून सुमारे ५५ लाख युरो या कामगारांच्या पुनर्वसनासाठी मंजूर झाले.

दुसरा रुमानियातील क्लुजचा. बोखुमचे काम तेथे गेले आणि २०११ साली तोही बंद झाला. काम आशियात नेण्यात आले. त्या कामगारांसाठी युरोपीय निधीतून सुमारे २९ लाख युरो आले.

तिसरा खुद्द फिनलंडमधील सालोचा. २०१२ साली तो बंद झाला. जोडणीचे काम पुन्हा आशियाकडेच. तेथेही सुमारे ५३ लाख युरो मंजूर झाले.

चौथा श्रीपेरुंबुदूरचा. कंपनी तीच, काम तेच, आणि 'हे काम दुसऱ्या देशात स्वस्त पडते' हे कारणही तेच. सार्वजनिक निधीतून या आठ हजारांसाठी स्वतंत्र अशी एकही योजना झाली नाही.

युरोपीय निधी हा काही समाजवादाचा आविष्कार नव्हे. त्याच्या रकमा मोठ्या नाहीत, आणि तो मिळूनही सालोसारख्या लहान गावातील बेकारी हटली नाही. तरीही एक फरक मूलभूत आहे. तेथील कामगाराला 'तुझे काम व्यापाराच्या धोरणाने गेले, म्हणून सार्वजनिक तिजोरी तुझे काही देणे लागते' असे कायद्याने म्हटले. येथील कामगाराला कायद्याने काय म्हटले, ते आता पाहू.

'स्वेच्छा' या शब्दाचे काम

एप्रिल २०१४ मध्ये श्रीपेरुंबुदूरच्या कामगारांपुढे कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना ठेवली. सुमारे पाच हजार जणांनी ती काही आठवड्यांत स्वीकारली. शेवटी उरलेल्या सुमारे नऊशे जणांचा हिशेबही रक्कम ठरवून मिटविण्यात आला. पंचविशीतल्या मुलींनी 'निवृत्ती' घेतली, आणि तीही 'स्वेच्छेने'!

माझे काम भाषांतराचे आहे, आणि कायद्यातील शब्द मराठीत आणताना अनेकदा असे दिसते की, एखादा शब्द वरवर सौम्य असतो पण कामगाराच्या हातातून बरेच काही काढून घेतो. 'स्वेच्छा' हा तसा शब्द आहे. त्याने काय काय काढून घेतले, ते क्रमाने पाहू.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार-कपात' या शब्दाची व्याख्या कलम २ मध्ये दिली होती, आणि स्वेच्छेने निवृत्त होणारा कामगार तिच्यातून वगळला होता. म्हणून पहिली गोष्ट ही की, कपातीच्या वेळी दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची नुकसानभरपाई देणारे कलम त्याला लागू होत नव्हते. कंपनीने त्याहून जास्त रक्कम दिली, तरी ती हक्क म्हणून नव्हे, तर सौदा म्हणून दिली. दुसरी गोष्ट : शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कपात किंवा बंदी करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेणे तेव्हा आवश्यक होते. कामगारांनी आधीच 'स्वेच्छेने' राजीनामे दिले, की परवानगी मागण्यासाठी कोणी उरतच नाही. सरकारही सुटते, कारण त्याला हो किंवा नाही म्हणावे लागत नाही. तिसरी गोष्ट : त्याच मालकाने पुन्हा भरती केली, तर कपात झालेल्या कामगाराला प्राधान्य देणारे कलम होते. तेही निवृत्ताला नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ती सरकारी साहाय्याची आहे. केंद्र सरकारने १ एप्रिल २००५ पासून कर्मचारी राज्य विमा महामंडळामार्फत राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू केली. कारखाना बंद पडल्याने, कपात झाल्याने किंवा कायमच्या अपंगत्वामुळे काम गेलेल्या विमाधारकाला वेतनाच्या निम्म्याइतका बेकारी भत्ता मिळण्याची तीत तरतूद होती. श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद झाला त्या वर्षी हा भत्ता एक वर्षापर्यंत मिळू शकत होता. परंतु त्याची अट अशी की, काम इच्छेविरुद्ध गेलेले असले पाहिजे. ज्याने 'स्वेच्छा'निवृत्तीच्या कागदावर सही केली, त्याने स्वतःच्या हाताने या योजनेचे दार लावून घेतले. शिवाय ज्यांचे वेतन तेव्हाच्या १५,००० रुपयांच्या मर्यादेपलीकडे गेले होते, ते मुळात विम्याबाहेरच. २०१८ साली आलेल्या अटल बिमित व्यक्ती कल्याण योजनेतही स्वेच्छानिवृत्त कामगाराला स्थान नाही.

असे हे यंत्र आहे. कारखाना बंद करायचा असेल तर 'बंद' हा शब्द उच्चारायचा नाही. आधी सौद्याची अफवा, मग मागणी नसल्याची चर्चा, मग रिकाम्या बसलेल्या पाळ्या आणि मग एक फॉर्म. त्या फॉर्मवरील सही ही इच्छा नसते; भीतीने आणि अनिश्चिततेने ती घडविलेली असते. कायदा मात्र तिला इच्छाच समजतो.

आपल्याकडील निधींचा इतिहास

आपल्या देशात असा निधी कधी निर्माणच झाला नाही असे नाही. महाराष्ट्रातील सभासदांना त्याचा कडू अनुभव आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला. त्यानंतरच्या काळात एकेक गिरणी आजारी म्हणून घोषित होऊ लागली. सप्टेंबर १९८६ पासून केंद्र सरकारने कापड कामगार पुनर्वसन निधी योजना अमलात आणली. कायमच्या बंद झालेल्या खाजगी गिरणीतील कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के इतके साहाय्य देणारी ही योजना होती. कागदावर ती उत्तम होती. परंतु गिरणी कायद्याप्रमाणे परवानगी घेऊन बंद झालेली असावी, किंवा तिच्यावर न्यायालयाचा अवसायक नेमलेला असावा, अशी तिची अट होती. मुंबईतील मालकांनी गिरण्या अशा रीतीने बंद केल्याच नाहीत. वीज तोडली, कच्चा माल थांबविला, दाराला कुलूप लावले. पण कागदावर गिरणी चालूच राहिली. जी गिरणी कायद्याच्या दृष्टीने मेलीच नाही, तिच्या कामगाराला सुतकाचा हक्कही मिळाला नाही.

१९९१ चे नवे आर्थिक धोरण आल्यावर १९९२ साली राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला. उद्योगांच्या पुनर्रचनेत काम गमावणाऱ्यांना नवे शिक्षण देणे आणि नवी कामे निर्माण करणे, हा त्याचा घोषित हेतू. प्रत्यक्षात बहुतेक पैसा सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांत, त्यातही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळात, स्वेच्छानिवृत्तीची बिले भागविण्यात गेला. प्रशिक्षणाचा आणि रोजगाराचा भाग नावापुरता उरला. २००० साली तो निधीही गुंडाळण्यात आला. येथेही तोच शब्द आढळतो. पुनर्वसनासाठी काढलेला पैसा कामगाराला दाराबाहेर काढण्याची किंमत म्हणून वापरला गेला.

म्हणून श्रीपेरुंबुदूरकडे मुंबईहून पाहणाऱ्याने हे काही नव्या युगाचे, नव्या तंत्राचे वेगळे प्रकरण आहे असे समजू नये. गिरणगावातील साचा आणि मोबाइलच्या जोडणीचे टेबल यांत पाऊणशे वर्षांचे अंतर असेल. पण कामगाराला बाहेर काढण्याची रीत एकच आहे.

मालकाला संरक्षण, कामगाराला बाजार

पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. जुलै २०१७ मध्ये भारत सरकारने आयात फोनवर १० टक्के शुल्क लावले आणि २०१८ पर्यंत ते २० टक्क्यांवर नेले. म्हणजे आयातीच्या स्पर्धेने देशातील उत्पादन मरते, हे सरकारने स्वतःच मान्य केले. या शुल्कांवर जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा मंडळाने एप्रिल २०२३ मध्ये भारताविरुद्ध निर्णय दिला. एप्रिल २०२० मध्ये मोबाइल आणि सुट्या भागांच्या मोठ्या उत्पादकांसाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली. तिची तरतूद सुमारे ४१,००० कोटी रुपयांची.

देशात उत्पादन व्हावे, याला आपला विरोध नाही. पण प्रश्न विचारला पाहिजे. आयातीपासून संरक्षण कोणाला आणि किती? मालकाला शुल्काची भिंत मिळाली, सरकारी तिजोरीतून प्रोत्साहन मिळाले, जमीन आणि वीज सवलतीने मिळाली. ज्या कामगारांनी या उद्योगाचे कसब पहिल्यांदा या मातीत रुजविले, त्यांच्यासाठी त्या ४१,००० कोटींत एक ओळही नव्हती. नोकियाचा तोच रिकामा कारखाना २०१९ साली साल्कॉम्प या मूळच्या फिनलंडच्याच चार्जर बनविणाऱ्या कंपनीने घेतला. तेथे पुन्हा काम सुरू झाले ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु २०१४ साली बाहेर पडलेल्या स्त्रियांना त्या दारात पहिला हक्क देणारा कोणताही नियम नव्हता. या धंद्याला अठरा ते पंचवीस वयाचे हात लागतात. तिशी ओलांडलेली, लग्न होऊन गावी परतलेली बाई त्याच्या मोजमापात बसत नाही. करवादाचे काय झाले? तो २०१८ साली भारत आणि फिनलंड या दोन सरकारांमधील वाटाघाटींतून मिटला. त्या टेबलाभोवती दोन सरकारे होती, कंपनी होती. ज्यांचे काम या वादात गेले, त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती.

उलट उदाहरणही याच शहराच्या वेशीवर आहे. फोर्ड कंपनीने भारतातील मोटारींचे उत्पादन थांबविण्याचे २०२१ साली जाहीर केले. गुजरातमधील साणंदचा कारखाना टाटांनी घेतला, तेव्हा तेथील पात्र कामगारांना नव्या मालकाकडे सामावून घेण्याची अट सौद्यातच होती. मराईमलाई नगरला असा ग्राहक तेव्हा मिळाला नाही. तेथे कामगारांनी आंदोलन करून भरपाईची रक्कम वाढवून घेण्याचा लढा दिला आणि २०२२ मध्ये उत्पादन थांबले. एकाच कंपनीचे दोन कारखाने आणि दोन वेगळी नशिबे. जेथे कायदा गप्प असतो, तेथे कामगाराचे भवितव्य ग्राहक मिळतो की नाही या योगायोगावर लटकते.

नवी संहिता आणि पंधरा दिवस

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशभर अमलात आल्या. औद्योगिक संबंध संहितेने परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर नेली. म्हणजे तीनशेहून कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी किंवा बंदीसाठी सरकारला विचारण्याचीही गरज उरली नाही. याच संहितेत 'कामगार पुनःकौशल्य निधी' नावाची तरतूद आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरायची आणि ती त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. सरकारपक्ष ही मोठी सुधारणा म्हणून सांगतो. पण पंधरा दिवसांत कोणते नवे कौशल्य येते? आणि कपातीच्या व्याख्येतून स्वेच्छानिवृत्ती या संहितेतही वगळलेलीच आहे. म्हणजे फॉर्मवर सही करणाऱ्याला ते पंधरा दिवसही नाहीत.

आपली भूमिका कोणती?

काही तरुण सभासद विचारतात की, बेकारी भत्ता, पुनर्वसन निधी या मागण्या सुधारणावादी नाहीत काय? अमेरिकेच्या कामगार चळवळीतही या साहाय्याला 'अंत्यविधीचा विमा' असे हिणवले गेले होते. या टीकेत तथ्य आहे. जो निधी कारखाना बंद होणे गृहीत धरून फक्त मढ्यावर चादर घालतो, त्याने आपले समाधान होता कामा नये. परंतु रोजच्या भाकरीचा प्रश्न लांबणीवर टाकून क्रांतीची भाषा करणाऱ्याच्या मागे कामगार उभा राहत नाही. शिवाय, ज्याच्या घरात सहा महिन्यांचे धान्य आहे, तोच कामगार फॉर्मवर सही करण्यास नकार देऊ शकतो. बेकारी भत्ता हा लढण्याची ताकद टिकविणारा आधार आहे, आणि मालकवर्ग त्याला विरोध करतो तो याच कारणाने.

अमेरिकन अनुभवातून आणखी एक धडा घ्यायचा आहे. तेथे साहाय्य मिळविण्यासाठी कामगारांना किंवा त्यांच्या संघटनेला अर्ज करून आपले काम आयातीमुळेच गेले हे सिद्ध करावे लागे. यंत्रामुळे गेले असेल, मंदीमुळे गेले असेल, तर साहाय्य नाही. अखेर १ जुलै २०२२ पासून त्या योजनेत नवे अर्ज घेणेच थांबले. श्रीपेरुंबुदूरच्या कामगाराला असे विचारले असते की, तुझे काम करवादाने गेले, व्हिएतनामने गेले की बदललेल्या फोनने गेले, तर त्याने काय सिद्ध केले असते? कारणांची ही चिरफाड कामगाराच्या माथी मारता कामा नये. काम गेले एवढाच पुरावा पुरेसा असला पाहिजे.

यातून आपल्या मागण्या स्पष्ट होतात.

एक : कारखाना बंद करताना किंवा मोठ्या प्रमाणावर कामगार कमी करताना दिलेली प्रत्येक स्वेच्छानिवृत्ती कायद्याने कपात समजली जावी, आणि कपातीचे सर्व हक्क तिला लागू व्हावेत.

दोन : काम गेलेल्या प्रत्येक कामगाराला, कारण न विचारता, निदान एक वर्ष बेकारी भत्ता मिळावा. कंत्राटी आणि शिकाऊ कामगार त्यातून वगळले जाऊ नयेत. श्रीपेरुंबुदूरच्या हिशेबात या दोघांची नावे सर्वांत आधी पुसली गेली.

तीन : जो उद्योग सार्वजनिक तिजोरीतून सवलत घेतो, त्याच्या करारातच अशी अट असावी की, ठरावीक मुदतीपूर्वी कारखाना हलविल्यास सवलत परत करावी लागेल, आणि ती रक्कम कामगारांच्या पुनर्वसनासाठी वापरली जाईल. बोखुममध्ये लोकांनी जे रस्त्यावर उतरून मिळविले, ते येथे आधीच कागदावर असले पाहिजे.

चार : त्याच जागेत, त्याच धंद्यात नवा मालक आला, तर जुन्या कामगारांना भरतीत पहिला हक्क असावा, आणि त्याला वयाची आडकाठी नसावी.

पाच : आयात शुल्कातून येणाऱ्या उत्पन्नाचा निश्चित हिस्सा अशा निधीसाठी राखून ठेवावा, आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगार संघटनांचे प्रतिनिधी असावेत.

या मागण्या दिल्लीत मंजूर होईपर्यंत आपल्याला करता येण्याजोगे बरेच आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी येथे आपले जे सभासद आहेत, त्यांनी एक गोष्ट मनाशी ठेवावी. कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म फिरू लागला, की रकमेची चर्चा सुरू होण्यापूर्वी शब्दाची चर्चा सुरू करावी. काम जाण्याचे कारण 'कारखाना बंद' किंवा 'कपात' असेच लिहिले जावे, असा आग्रह सामुदायिक कराराच्या पहिल्या कलमात धरावा. समेट अधिकाऱ्यापुढे होणारा करार आणि एकट्या कामगाराने लिहून दिलेला राजीनामा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कर्मचारी राज्य विम्याचे कागद, हजेरीचा पुरावा आणि वेतनपत्रके कामगारांनी आधीपासून आपल्याजवळ ठेवावीत. कंत्राटी कामगारांची यादी युनियनने स्वतः करावी, कारण मालकाच्या यादीत ती सापडणार नाही.

शेवटी एकच गोष्ट. बोखुमचे काम क्लुजला गेले, क्लुजचे आशियात आले, सालोचेही आले, आणि चेन्नईचे व्हिएतनामला गेले. प्रत्येक वेळी तेथील कामगाराला सांगण्यात आले की, तुझे काम दुसऱ्या देशातील कामगाराने हिरावले. हे खोटे आहे. श्रीपेरुंबुदूरच्या मुलीने सालोच्या बाईचे काम हिरावले नव्हते, आणि बाक निन्हच्या मुलीने श्रीपेरुंबुदूरचे काम हिरावले नाही. चौघींनाही एकाच हिशेबाने कामावर घेतले गेले आणि त्याच हिशेबाने कामावरून काढले गेले. फरक इतकाच की, काहींच्या देशात कामगार चळवळीने सार्वजनिक तिजोरीला काही देणे भाग पाडले होते आणि आपल्याकडे ते अजून बाकी आहे. ती बाकी वसूल करणे हे आपले काम आहे. १९१८ साली याच शहरात गिरणी कामगारांनी संघटना बांधली, तेव्हा त्यांच्याजवळ कायदाही नव्हता आणि निधीही नव्हता. आपल्याजवळ निदान त्यांचा अनुभव आहे.

एवढे बोलून मी थांबते. लाल सलाम!